आज खाणार की उद्या?

“हे कधी कापणार आहात? आज दुपारी, आज रात्री, की उद्या?”

व्हेझों-ला-रोमेन या गावातल्या मंगळवारच्या बाजारात खरबूज विकणाऱ्या बाईंनी हा प्रश्न विचारला आणि माझ्या लेकीने तो मला मराठीत सांगितला, तेव्हा क्षणभर मला आपण ठाण्यातच आहोत असे वाटले. मे महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या आंबेवाल्यांकडे गेले, की गेली कित्येक वर्षे ते हेच विचारतात: ताई, आज खायचे की दोन दिवसांनी? मग त्या उत्तराप्रमाणे ते पेंढ्यातून एकेक आंबा उचलतात, देठाशी नाक नेतात, आणि लगेच खायचे वरच्या थरात, थांबायचे खालच्या थरात, अशी पेटी लावून देतात. फ्रान्सच्या दक्षिणेतल्या एका लहानशा गावात, जिथली भाषा मला कळत नव्हती आणि जिथले निम्मे जिन्नस मी आधी कधी पाहिलेही नव्हते, तिथे पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न माझ्यापुढे आला, म्हणून त्या तीन आठवड्यांविषयी लिहावेसे वाटते.

मी सांगितले, की एक आज दुपारी आणि एक गुरुवारी. बाईंनी पहिल्या फळाच्या देठाभोवती गोलाकार गेलेला, केसाएवढा बारीक तडा दाखवला. देठ आपणहून सुटू लागला म्हणजे फळ तयार झाले, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या फळाचा देठ अजून घट्ट होता. तेही त्यांनी तळहातावर तोलून पाहिले, कारण आकाराच्या मानाने फळ जड लागले पाहिजे, आणि मग त्याच्या सालीवर पेन्सिलीने फ्रेंचमध्ये ‘गुरुवार’ असे लिहून दिले. शारांते जातीचे हे खरबूज बाहेरून फिकट हिरवे-करडे, गर्द रेघांचे, आणि आतून भगवे असते. तिथून तासाभराच्या अंतरावर असलेले काव्हायों हे गाव या खरबुजांसाठी नावाजलेले आहे. 1864 साली त्या गावच्या ग्रंथालयासाठी अलेक्झांडर ड्यूमा या कादंबरीकाराकडे पुस्तकांची मागणी आली, तेव्हा त्याने आपली पुस्तके देऊ केली आणि त्या बदल्यात आपल्याला तहहयात दरवर्षी बारा खरबुजे मिळावीत असे कळवले. गावाने ते मान्य केले. आमचे मंगळवारचे खरबूज त्या दिवशी दुपारी कापले, त्याचा वास अंगणापर्यंत गेला, आणि गुरुवारचे खरबूज खरोखरच गुरुवारी तयार झाले. ते दोन्ही खाल्ल्यावर ड्यूमाची मागणी मला अगदी रास्त वाटली.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त लिऑनला असतात. या वेळी त्यांनी सुट्टीसाठी द्रोम जिल्ह्याच्या दक्षिण भागात, ब्युई-ले-बारोनी या गावाजवळ एक जुने दगडी घर तीन आठवड्यांसाठी भाड्याने घेतले, आणि आम्हा दोघांनाही बोलावले. जूनच्या चोवीस तारखेला आम्ही निघालो. त्या आधीच्या आठवड्यात जांभळी नाक्यावरून शेवळे आणून, साफ करून, काकडाच्या फळांबरोबर शिजवून खाऊन झाली होती, कारण वर्षातून पंधरा-वीस दिवस मिळणारी ती भाजी चुकवून प्रवासाला जाणे मला पटत नव्हते.

घर ऊव्हेझ नदीच्या खोऱ्यात होते. चहूबाजूंना जर्दाळूच्या बागा, ऑलिव्हची करडी झाडे आणि दक्षिणेकडे सुमारे 1,910 मीटर उंचीचा मों व्हांतू हा डोंगर, ज्याचा माथा पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांमुळे भर उन्हाळ्यातही बर्फाने झाकल्यासारखा दिसतो. या भागात प्रत्येक गावाचा बाजाराचा वार ठरलेला आहे. मंगळवारी व्हेझों, बुधवारी ब्युई, गुरुवारी नियोंस. आपल्या शहापूर-मुरबाडकडे आठवडी बाजार भरतात त्याच पद्धतीने, सकाळी आठला गाव गजबजते आणि दुपारी एकच्या सुमारास सगळे आवरून रस्ता धुतलेला असतो. आमचा आठवडा त्या तीन वारांभोवती फिरू लागला. काय शिजवायचे ते ठरवून बाजारात जाण्याची माझी सवय तिथे आठ दिवसांत सुटली. बाजारात काय आले आहे ते पाहून घरी येताना स्वयंपाक ठरू लागला. माझी आई असेच करत असे हेही तेव्हाच आठवले. पिशवी घेऊन ती बाहेर पडली, की आज काय भाजी, हे विचारण्यात अर्थ नसे.

एक कबुली इथेच देते. पहिल्या संध्याकाळी पोहोचायला उशीर झाल्यामुळे आम्ही वाटेतल्या एका मोठ्या दुकानातून खरबूज घेतले होते. दिसायला ते बाजारातल्या खरबुजासारखेच होते, पण कापल्यावर आतून फिकट निघाले आणि चवीला काकडीसारखे लागले. दूरवरून आणायचे, आठवडाभर मांडणीवर ठेवायचे, म्हणून ते तयार होण्याआधीच तोडलेले असणार. तिथे आम्हाला कोणी काही विचारले नव्हते, आणि विचारून उपयोगही नव्हता, कारण त्या फळाला आज आणि उद्या असा फरकच उरला नव्हता. फ्रान्समधली सगळी माणसे टोपली घेऊन गावच्या बाजारात जातात, असा समज कोणी करून घेऊ नये. एकाच छपराखाली भाजीपाल्यापासून कपड्यांपर्यंत सगळे विकणारे कार्फूरचे पहिले अवाढव्य दुकान 1963 साली पॅरिसजवळ फ्रान्समध्येच उघडले, आणि आजही तिथल्या बहुतेक कुटुंबांची आठवड्याची खरेदी अशाच ठिकाणी होते. म्हणूनच आठवडी बाजारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांचे मला विशेष वाटते.

बाजारातही सगळे विक्रेते शेतकरी नसतात. लेकीने मला ओळखण्याची खूण सांगितली. ज्या टेबलावर केळ्यांपासून लिंबांपर्यंत सारे काही आहे तो माल घाऊक बाजारातून आलेला, आणि ज्या टेबलावर तीनच जिन्नस आहेत, त्यातला एक संपत आला आहे आणि विक्रेत्याच्या नखांत माती आहे, तो माल त्याच्या शेतातला. शिवाय प्रत्येक फळाभाजीपाशी पाटी असते. भाव तर असतोच, पण माल कोणत्या देशातून आला हे लिहिणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि शेतकरी त्यापुढे जाऊन फळाची जात व गावाचे नाव खडूने लिहितात. तीन आठवडे मी या पाट्या वाचत होते आणि फ्रेंच भाषेतले माझे बहुतेक शब्द मी तिथेच शिकले.

पाट्या वाचतानाच जर्दाळूंची ओळख झाली. आपल्याकडे जर्दाळू म्हणजे लग्नसराईतल्या सुक्या मेव्याच्या ताटातले सुरकुतलेले फळ. ताजे जर्दाळू मी याआधी एकदोनदाच खाल्ले होते आणि ते आंबट, भुसभुशीत लागले होते. इथे आम्ही पोहोचलो तेव्हा लवकर येणाऱ्या जाती चालू होत्या, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेर्जरों नावाची जात आली: लांबट, एका गालावर तांबूस, गर घट्ट आणि किंचित आंबट. ती विकणाऱ्या वयस्कर शेतकऱ्यांनी आम्हाला आठ दिवस थांबवून ठेवले होते. मुरंबा करायचा आहे असे लेकीने सांगितल्यावर ते म्हणाले होते, की मग हे आत्ताचे घेऊ नका, हे नुसते खाण्याचे आहेत. बेर्जरों येऊ द्या. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला माल न विकता पुढच्या आठवड्यात या असे सांगणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

त्यांच्याच तोंडून 2021 च्या एप्रिलची हकिकत ऐकली. त्या वर्षी मार्चअखेरीस हवा गरम झाली, झाडे लवकर फुलली, आणि सात-आठ एप्रिलच्या रात्री पारा शून्याच्या खाली गेला. शेतकऱ्यांनी रात्रभर बागांमध्ये मोठमोठ्या मेणबत्त्या आणि गवताच्या पेंढ्या पेटवून ठेवल्या, तरी द्रोम आणि शेजारच्या आर्देश जिल्ह्यांतला जर्दाळूचा बराचसा बहर एका रात्रीत गेला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावर जर्दाळू नव्हतेच. आपल्याकडे मोहोरावर अवकाळी पाऊस किंवा दाट धुके आले, की रत्नागिरीहून येणारे फोन असेच असतात. माझी लेक लिऑनमध्ये एका शेतकऱ्याला हंगामाच्या आधीच पैसे देते आणि दर आठवड्याला त्याच्या शेतात जे पिकेल त्याची टोपली घेते. पीक बुडाले तर टोपली हलकी येते आणि ती तक्रार करत नाही. फ्रान्समध्ये ही पद्धत 2001 साली भूमध्यसागराच्या किनाऱ्याकडच्या भागात सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. मला ती सुरुवातीला तोट्याची वाटत होती. त्या शेतकऱ्यांचे बोलणे ऐकल्यावर मी लेकीला तसे पुन्हा म्हटले नाही.

मुरंबा करायला घरमालकीणबाईंनी मदत केली. त्या शेजारच्याच घरात राहत आणि मागच्या बागेत भाजीपाला लावत. जर्दाळू चिरून, बिया काढून, साखर घालून रात्रभर ठेवायचे. सकाळी सुटलेल्या रसातच ते शिजवायचे. काही बिया फोडून आतले गर सोलून त्यांनी पातेल्यात टाकले, त्याने बदामासारखा मंद वास येतो, मात्र ते चार-पाचच घालायचे, कारण हा गर कडू असतो आणि जास्त खाणे घातक असते. गरम पाक बशीवर टाकून, बशी तिरपी करून ओघळ पाहायचा. मी माझ्या पद्धतीने दोन बोटांत धरून तार पाहिली. दोघींचाही कौल एकाच वेळी आला आणि गॅस बंद झाला.

याच बाईंमुळे आमची कांदेनवमी साजरी झाली. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य होण्याच्या आधी, कांद्याचे पदार्थ करून खाण्याची आपली रीत आहे. साठवणीचा कांदा पावसाळ्याच्या दमट हवेत सडू लागतो, तेव्हा तो संपवण्याचे ते निमित्तही असते. ठाण्याहून नेलेल्या बेसनात बाजारातले नवे, पांढरे, हिरव्या पातीसकट मिळणारे कांदे घालून मी भजी तळायला घेतली होती, तेवढ्यात बाई टोपलीत झुकिनीची फुले घेऊन आल्या. ही फुले भल्या पहाटे, उमललेली असताना तोडायची, आणि फळ न धरणारी नरफुलेच तोडायची, असे त्या सांगू लागल्या. मला हसू आले, कारण माझ्या आजीने भोपळ्याच्या फुलांबद्दल नेमके हेच शिकवले होते. त्यांनी अर्ध्या फुलांत बकरीच्या दुधाचे ताजे चीज भरून, मैदा आणि अंड्याच्या पातळ पिठात बुडवून ती तळली. उरलेली मी हळद, तिखट, ओवा घातलेल्या बेसनात तळली. दोन्ही थाळ्या अंगणातल्या तुतीच्या झाडाखाली ठेवल्या. त्या झाडाचीही गोष्ट आहे. या भागात पूर्वी घरोघरी रेशमाचे किडे पाळत, त्यांच्या पाल्यासाठी तुती लावत. 1850 नंतर किड्यांच्या रोगाने तो धंदा खालावला, पण उन्हाळ्यात सावली देते म्हणून तुती अंगणात राहिली. दोन दिवसांनी आषाढी एकादशीचा उपवास मी खरबूज, चेरी, उकडलेले नवे बटाटे आणि ओल्या बदामांवर केला. ओला बदाम हे एक वेगळेच फळ आहे. मखमली हिरवी साल, आत कोवळे कवच, आणि त्याच्या आत दुधासारखा पांढरा, किंचित पाणीदार गर. घरी आणून सुरीने फोडत बसावे लागते आणि नातवाने त्या दिवशी ते काम आनंदाने केले.

चेरीचा हंगाम मात्र आम्ही असतानाच संपला. चेरी झाडावरून उतरली की तिचे पिकणे थांबते, आपल्या जांभळाप्रमाणेच, त्यामुळे ती पेंढ्यात ठेवून पिकवता येत नाही. झाडावर काळपट लाल झालेली चेरी दोन-तीन दिवसांत खाऊन टाकावी लागते. पहिल्या बाजारात चेरीच्या चार पाट्या होत्या, दुसऱ्या आठवड्यात एक, आणि तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. नातवाने चेरी कुठे गेल्या असे विचारले, तेव्हा आता पुढच्या वर्षी, असे मी सांगितले. सहा वर्षांच्या मुलाला इतके लांबचे उत्तर पटत नाही. पण पुढच्याच टेबलावर पीच आले होते.

बकरीच्या दुधाच्या चीजलाही हंगाम असतो, हे मला नवे होते. बकऱ्या हिवाळा सरता सरता वितात, म्हणून त्यांचे दूध वसंतात आणि उन्हाळ्यात भरपूर असते. या भागातल्या पिकोदों नावाच्या लहान, चपट्या चीजला 1983 साली नाव-संरक्षण मिळाले, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या चीजलाच ते नाव लावता येते. विकणाऱ्या तरुण मुलीच्या टेबलावर ती चकत्यांसारखी ओळीने मांडलेली होती, चार दिवसांची मऊ, मग पंधरवड्याची, मग महिन्याची, कडक आणि झणझणीत. तिनेही तेच विचारले, आज खाणार की ठेवणार?

बुधवारी ब्युईच्या बाजारात एका आजोबांच्या टेबलावर टोमॅटो आणि लसणाच्या वेण्यांशेजारी मला घोळ दिसली. तांबूस देठ, जाड, गुळगुळीत, थेंबासारखी पाने. मी एक पान तोडून चाखले. तोच आंबूस, किंचित बुळबुळीत स्वाद. तिथे तिला पूर्पिए म्हणतात, आणि शास्त्रीय नावाने पाहिले तर ती आपली घोळच आहे, पोर्टुलाका ओलेरासिया. आम्ही ती डाळ घालून किंवा ताकात करतो, असे मी लेकीकरवी सांगितले; ते ती कच्चीच, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाबरोबर खातात. घरमालकीणबाईंना मी जुडी दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, की हे तण तर माझ्या बागेत उगवते आणि मी ते उपटून टाकते. मी त्यांच्याकडून ते मागून घेतले आणि सोबत आणलेल्या तूरडाळीत घोळीची पातळ भाजी केली. त्यांनी ती दोनदा वाढून घेतली.

लव्हेंडरविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. एवढेच सांगते, की रस्त्याकडेला लांबच लांब जांभळ्या ओळी दिसतात तो बहुतेक ठिकाणी लाव्हांदँ नावाचा संकर असतो, ज्याला बी धरत नाही आणि ज्याच्यापासून तेल जास्त निघते. खरे लव्हेंडर उंचावरच्या थंड जमिनीत वाढते आणि त्याचा वास अधिक नाजूक असतो. लिंडेन या झाडाच्या फुलांबद्दल मात्र लिहायला हवे. ब्युईचे खोरे या फुलांसाठी ओळखले जाते. जूनमध्ये शिड्या लावून फुले त्यांच्या फिकट पानासकट खुडतात आणि सावलीत, माळ्यावर पसरून वाळवतात. रात्री ती गरम पाण्यात टाकून, मधासारख्या वासाचा फिकट पिवळा काढा प्यायचा. घरमालकीणबाईंच्या माळ्याचे दार उघडले तेव्हा आलेला तो वास माझ्या अजून लक्षात आहे. नियोंसला काळ्या ऑलिव्हची एक दुकानदार भेटली. 1994 मध्ये फ्रान्समध्ये ऑलिव्हला मिळालेले पहिले नाव-संरक्षण याच गावाचे. मी ताजे ऑलिव्ह मागितले, तर त्या म्हणाल्या, की झाडावरचे फळ थंडीने सुरकुतल्यावर डिसेंबर-जानेवारीत उतरते, आत्ता मिळेल ते मिठाच्या पाण्यात मुरवलेले. आपल्याला हवे ते या महिन्यात नाही, हे ऐकण्याची सवय मला तोवर झाली होती.

दुपारी अकरानंतर ऊन असह्य होत असे. तेव्हा घराच्या लाकडी झडपा बंद करायच्या, आतल्या दगडी गारव्यात पडायचे, आणि बाहेर सिगाल हे किडे झाडांवरून एकसुरात ओरडत असतात ते ऐकायचे. हवा पुरेशी तापल्याशिवाय ते ओरडत नाहीत, आणि संध्याकाळी गार झाली की थांबतात. मग झडपा उघडायच्या. सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे जेवण उजेडातच सुरू होते आणि अंधारात संपते. आम्ही रात्री साडेसात-आठला जेवणारी माणसे, पण त्या लांबलेल्या संध्याकाळीत कोणालाच घाई नसे. मला त्या मुक्कामातले सर्वांत मोठे सुख कोणते असे विचारले, तर मी तो दीड-दोन तासांचा गार उजेडच सांगेन.

चौदा जुलैला, त्यांच्या राष्ट्रीय दिवशी, गावच्या चौकात लांब टेबले मांडली होती. प्रत्येकाने आपापली ताटली, वाटी आणि चमचे घरून आणायचे होते, आणि मोठ्या पातेल्यांतून पिस्तूचे सूप वाढले गेले. त्यात नुकत्याच सोललेल्या ओल्या शेंगांचे पांढरे आणि लाल दाणे, हिरव्या शेंगा, झुकिनी, बटाटा, टोमॅटो, आणि थोडी शेवयांसारखी पास्ता असते. शेवटी तुळशीच्या कुळातल्या बेझिलची पाने, लसूण आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात वाटून ते वरून घालतात. ओल्या दाण्यांखेरीज हे सूप होत नाही, आणि ओले दाणे उन्हाळ्याखेरीज मिळत नाहीत. मला पोपटीच्या मडक्यातले वालाचे दाणे आठवले. तेही जानेवारीच्या आसपासच, आणि तेही असेच पुष्कळ माणसांत बसून.

आम्ही सतरा जुलैला ठाण्याला परतलो. मुसळधार पाऊस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन जांभळी नाक्यावर गेले. दुकानांच्या ओळीपुढे, पदपथाच्या कडेला प्लास्टिकचे कागद पसरून येऊरच्या आणि शहापूर-आसनगावकडून पहाटेच्या लोकलने आलेल्या आदिवासी बाया बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे दोन-तीनच जिन्नस. एकीकडे कुरडू, टाकळा आणि बांबूचे कोंब. दुसरीकडे भारंगी आणि करटुल्यांचे पाव-पाव किलोचे वाटे. लेकीने सांगितलेली खूण मी इथे कधी लावून पाहिली नव्हती. फोडशीची शेवटची जुडी एकीपुढे पडली होती, मी हात घातला तर ती म्हणाली, “नको घेऊ मावशी, जून झालीय ती. करटुली ने. आज करणार का उद्या? उद्या करणार असशील तर ह्या कवळ्या घे.” मी आजच म्हटले.

या बायांपुढे पाटी नसते. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळालाही ते मिळाले आहे, म्हणजे गावाचे नाव आणि फळाची चव एकत्र बांधण्याची व्यवस्था आपल्याकडेही आहे. पण ती कागदावर आणि खोक्यांवर आहे. पदपथावर बसणाऱ्या बाईच्या जुडीपर्यंत ती पोहोचलेली नाही. तिला विचारावे लागते, कोणत्या गावची, कोणत्या डोंगरावरची, आणि विचारले तर ती सविस्तर सांगते: काय आणखी आठ दिवस मिळेल, काय आता संपले, कशाला चिंच किंवा आमसूल घालावे लागेल. तिला बसायला हक्काची जागा आणि डोक्यावर छप्पर मिळावे, असे मला मनापासून वाटते. व्हेझोंच्या चौकात खरबूजवाल्या बाईंची जागा ठरलेली असते आणि मंगळवारी तिथून त्यांना कोणी उठवत नाही.

दुसरीकडे, कार्बाइडने आंबे पिकवण्यावर 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी घातलेली असूनही एप्रिलच्या सुरुवातीला पिवळेधमक आंबे रस्तोरस्ती दिसतात. आमच्या सोसायटीतल्या काही जणी ते गुढीपाडव्यापासूनच घेतात. या वर्षी मी त्यांना हंगामातल्या पहिल्या शनिवारी माझ्या आंबेवाल्यांकडे घेऊन जाणार आहे, आणि आधी काही न बोलता त्यांना आंबेवाल्यांचा प्रश्न ऐकू देणार आहे.

ऑगस्टमध्ये घरमालकीणबाईंचा निरोप लेकीकरवी आला. निघताना मी त्यांच्याकडे अर्धा पुडा तूरडाळ, थोडी हळद आणि हिंगाची डबी ठेवून आले होते. त्यांनी बागेतली घोळ उपटून फेकून न देता तिची भाजी केली होती, आणि छायाचित्राखाली विचारले होते, की ही लगेच खायची, की त्यांच्या सूपप्रमाणे दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते? मी कळवले, की लगेच, गरम, आणि भाकरी नसेल तर भाताबरोबर.